टोचल्यानंतरची रात्र

भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ही लस व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे आली होती. ती जिवंत ठेवायला तेव्हा शीतपेटी नव्हती, मूल होते. एकाच्या दंडावरच्या फोडातील पाणी घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचायचे आणि आठवड्याने तिसरे मूल शोधायचे. याच रीतीने ॲनाच्या दंडावरून लस पुढे गेली आणि मुंबईबाहेर पसरली.

देवी काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुळी उठे. आठव्या दिवसापर्यंत फोड टचटचीत भरे, भोवताली लाली पसरे, काखेत अवधाण येई आणि मूल तापाने रात्रभर किरकिरे. लस काढणाऱ्याला नेमका हाच दिवस हवा असे. मांडीवर घेऊन रात्र जागवलेल्या आईने तेच मूल पुन्हा आणायचे आणि दुखरा फोड टोचू द्यायचा. लोक मुले लपवत, तेव्हा सरकारी अहवाल बहुधा अंधश्रद्धेला दोष देत. देवीचा कोप आणि शीतलामातेची भीती होतीच. पण या आठव्या दिवसाच्या धास्तीला अहवालांनी फारसे मोजलेले दिसत नाही.

मुंबई शहरात १८७७च्या कायद्याने देवी काढणे सक्तीचे झाले. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तशी मुलाच्या दंडातून पाणी काढण्याची पद्धत मागे पडली. ताप आणि व्रण मात्र राहिले. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५मध्ये आढळला.

विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८मध्ये सुरू झाला आणि घरोघरी 'ट्रिपल'ची ओळख झाली: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. आता बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला 'ट्रिपल'चे तिन्ही घटक असलेली पेंटाव्हॅलंट लस मांडीत देतात. रात्रीचा ताप आणि सुजलेली मांडी मुख्यतः त्यातील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येते, कारण त्यात मारलेले अख्खे जंतू असतात. टोचलेली जागा चोळू नये, तिथे ओल्या फडक्याची घडी ठेवावी, अंगावर पाजत राहावे. तापाचे औषध परिचारिकेने सांगितलेल्या मापानेच द्यावे. ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. तो न उतरल्यास, बाळ पीत नसल्यास किंवा झटके आल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.