दिवंगताच्या शब्दांची राखण : टिळक-कुटुंब आणि 'स्मृतिचित्रे'

'लेखकाचा मृत्यू' ही रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली मांडलेली कल्पना आपल्या समीक्षेत आता रुळून गेली आहे. परंतु लेखक खरोखरच मरण पावतो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांचे, अपुऱ्या हस्तलिखितांचे आणि लोकांच्या मनातील त्याच्या प्रतिमेचे काय होते, ह्याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा सिद्धांताच्या पातळीवर झालेला नाही. तो चरित्रकारांवर आणि नातलगांवर सोडून देण्यात आला. संहितेच्या दृष्टीने लेखक मृत असेलही; घरच्यांच्या दृष्टीने तो एक उरलेले काम असतो.

हा प्रश्न आज सर्वसामान्य कुटुंबांच्याही दारात येऊन उभा राहिला आहे. मृत व्यक्तीचे खाते 'स्मृतिखाते' म्हणून जतन करण्याची सोय फेसबुकने २००९ साली केली आणि २०१५ साली त्यासाठी एक विश्वस्त नेमण्याची तरतूद केली. ह्या विश्वस्ताचे अधिकार बघण्यासारखे आहेत. त्याला छायाचित्र बदलता येते, वर एक निवेदन कायमचे लावून ठेवता येते. पण मृताने पूर्वी लिहिलेल्या मजकुरात एका अक्षराचाही फेरफार करता येत नाही, आणि त्याचा खाजगी पत्रव्यवहार वाचता येत नाही. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे. विश्वस्त कोण, हे अशा रीतीने ठरते. त्याने काय लिहावे, हे कोणताही नियम ठरवू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या पानावर दर वाढदिवशी उदंड आयुष्य चिंतणारे संदेश येतात, आणि त्यांच्या पत्नीने एकदा मला विचारले, की ह्यांना उत्तर द्यायचे ते कोणाच्या नावाने? माझ्याजवळ उत्तर नव्हते. मात्र त्या प्रश्नाचा एक जुना आणि अतिशय समृद्ध दाखला आमच्याच जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात आहे, हे त्या वेळी लक्षात आले. तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरचा आहे.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आले. अमेरिकन मराठी मिशनचे हे जुने केंद्र. 'ज्ञानोदय' १८४२ साली सुरू झाला तो येथेच. टिळक येथील मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवीत, आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर नगरला आल्या. आधी त्यांनी सोवळे सांभाळून वेगळा संसार मांडला, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ह्याच घराच्या आश्रयाने बालकवी ठोमरे काही काळ राहिले. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकावर बालकवींचा अपघाती अंत झाला आणि १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत टिळक गेले. एका वर्षाच्या अंतराने ह्या घराने दोन कवी गमावले.

टिळकांच्या मागे दोन कामे उरली. एक 'ख्रिस्तायन'. मराठीत ख्रिस्तचरित्राच्या ओवीबद्ध पुराणाची परंपरा थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'पर्यंत मागे जाते. टिळकांना नव्या मराठीत तसे महाकाव्य रचायचे होते. सुमारे अकरा अध्यायांपाशी ते थांबले. दुसरे काम खुद्द टिळकांच्या चरित्राचे. ते चिरंजीव देवदत्त ह्यांच्या मनात होते, आणि त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. एका कामात मृताने अपुरे सोडलेले वाक्य पुरे करायचे होते. दुसऱ्यात त्याच्याविषयी बोलायचे होते. दोन्ही कामे अखेर एकाच बाईने केली. विधिवत शालेय शिक्षण नसलेल्या, लिहिणे-वाचणे घरातच शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी 'ख्रिस्तायना'त चौसष्ट अध्यायांची भर घातली; अखेरचा अध्याय देवदत्तांनी जोडला आणि १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला.

संख्येच्या हिशेबाने पाहिले तर 'ख्रिस्तायन' हे मुख्यतः लक्ष्मीबाईंचे काव्य आहे. तरीही वाङ्मयेतिहासात ते 'टिळकांचे पत्नीने पुरे केलेले काव्य' म्हणूनच नोंदले जाते. ह्यात इतिहासकारांचा दोष आहे, पण केवळ त्यांचाच नाही. पूर्तता ह्या कर्माचे स्वरूपच तसे आहे. दुसऱ्याच्या आराखड्यात, त्याच्या छंदात आणि त्याच्या श्रद्धेच्या भाषेत लिहिणाऱ्याला आपला आवाज मिटवूनच पुढे जावे लागते. आजच्या स्मृतिखात्याच्या विश्वस्ताला मृताच्या नावाने नवा मजकूर लिहिण्याची मनाई आहे. लक्ष्मीबाईंनी नेमके तेच केले, आणि त्यांच्या काळाला ते पातिव्रत्याचेच एक रूप वाटले असणार. त्याची किंमत अशी, की ते चौसष्ट अध्याय आज विद्यापीठीय अभ्यासक्रमांत जवळजवळ कोठेच वाचले जात नाहीत.

आठवणींचे मात्र उलट झाले. चरित्राचा कच्चा माल म्हणून मागितलेल्या ह्या आठवणी 'संजीवनी' नियतकालिकातून येऊ लागल्या, १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघाल्या, आणि ज्या चरित्राला त्यांनी साहाय्य करायचे त्या चरित्राची जागाच त्यांनी घेतली. हे कसे घडले ह्याचे उत्तर समीक्षेने बहुधा 'साधेपणा', 'निरागसता', 'घरगुती बोली' अशा शब्दांत दिले आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि थोडे अन्यायकारकही. निरागस म्हटले की निवड करण्याचे श्रेय काढून घेतले जाते. 'स्मृतिचित्रे' हे निवडीचे पुस्तक आहे.

तुलनेसाठी रमाबाई रानडे ह्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) घ्यावे. तेथेही विधवा पत्नी हीच सार्वजनिक पुरुषाच्या स्मृतीची राखणदार आहे. शीर्षकातील 'आमच्या' ह्या सर्वनामात दोघे एकत्र येतात, पण त्या अनेकवचनाचा केंद्रबिंदू न्यायमूर्ती हाच राहतो. त्यांचा उल्लेख आदरार्थी आडवळणाने होतो, आणि त्यांच्या मृत्यूबरोबर आठवणींनाही थांबावेसे वाटते. ह्या पुस्तकाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. एका पत्नीच्या शिक्षणाची इतकी प्रांजळ हकिकत त्यापूर्वी मराठीत नव्हती. पण राखणदारी तेथे प्रतिमेची आहे.

लक्ष्मीबाईंचा पहिला निर्णय नामाचा आहे. त्या पतीला सबंध पुस्तकात 'टिळक' म्हणतात. नाव न घेण्याचा संकेत ह्याने मोडत नाही, कारण हे आडनाव आहे. पण त्या आडनावामुळे पती हा एक पात्र बनतो, ज्याच्याकडे अंतरावरून पाहता येते, ज्याला हसता येते. दुसरा निर्णय आरंभाचा. पुस्तक टिळकांपासून सुरू होत नाही. ते १८५७ च्या धामधुमीची झळ बसलेल्या आणि सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरापासून सुरू होते. चरित्रनायकाच्या आधी निवेदिकेचे बालपण येते. तिसरा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो : टिळकांचा संताप, न सांगता घर सोडून निघून जाणे, हाती आलेला पैसा घरात पोचण्यापूर्वीच वाटून टाकणे, हे सारे त्यांनी ठेवले. ते ठेवताना तक्रारीचा सूर लावला नाही आणि क्षमेचाही नाही. टिळकांचे अनुयायी हयात होते, मिशन होते, बहिष्काराच्या जखमा ताज्या असलेले ब्राह्मण नातलग होते. ह्या प्रत्येक गटाला आपापले टिळक हवे होते. पुस्तकात त्यांपैकी कोणाचेच टिळक पूर्णपणे सापडत नाहीत.

आपल्याकडे मृताविषयीच्या सार्वजनिक भाषेचा एक ठरीव साचा आहे. वृत्तपत्रांतील 'प्रथम पुण्यस्मरण', चौकातील फलकांवरील 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि आता समाजमाध्यमांवरील स्मृतिपाने ह्या सर्वांत तोच वापरला जातो. मृत व्यक्ती तेथे प्रेमळ, कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊ असते. कोणत्याही दोन मृतांत फरक करता येत नाही. साच्याचा दोष असा नाही की तो खोटे बोलतो. तो व्यक्तीला दुसऱ्यांदा नाहीशी करतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना टिळक चिडलेले दिसतात आणि म्हणूनच ते दिसतात.

फिलिप लजन ह्यांनी १९७५ साली मांडलेल्या 'आत्मचरित्रात्मक करारा'त लेखक, निवेदक आणि नायक ह्यांचे नाव एकच असावे लागते. 'स्मृतिचित्रे' हा करार पाळते की नाही, ह्यावर विद्यार्थ्यांशी वर्गात वाद घालणे उद्बोधक ठरते. कारण पुस्तक मागितले गेले होते पतीचे म्हणून आणि दिले गेले स्वतःचे म्हणून. टिळकांच्या मृत्यूनंतरही निवेदन चालू राहते, हा ह्या वादातील निर्णायक पुरावा मला वाटतो. चरित्रनायक गेला तरी जर पुस्तक संपत नसेल, तर ते त्याचे नव्हतेच.

येथे एक प्रामाणिक अडचण आहे. चौथा भाग पुरा होण्यापूर्वीच, १९३६ च्या फेब्रुवारीत, लक्ष्मीबाई वारल्या. तो भाग देवदत्तांनी पुरा करून प्रसिद्ध केला. म्हणजे जिने दुसऱ्याचे अपुरे काव्य पुरे केले, तिचेच गद्य दुसऱ्याला पुरे करावे लागले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी पुस्तकाची संपूर्ण, टीपांसहित आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजीत जोसेफिन इंकस्टर (१९५०) आणि शांता गोखले (२०१७) ह्यांची भाषांतरे झाली. तीन पिढ्यांच्या हातांतून गेलेल्या ह्या संहितेत कोणाचा हात कोठे आहे, हे तपासण्याचे काम पाठचिकित्सेचे आहे आणि ते भावुकतेने होणारे नाही. निदान विद्यार्थ्यांच्या हाती संक्षिप्त आवृत्ती देताना काय गाळले गेले ह्याची नोंद असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे. संक्षेपात बहुधा आधी गाळले जातात ते भांडणाचे प्रसंग.

आणि 'ख्रिस्तायना'चा तो जोड. जेथे टिळकांची ओवी थांबते आणि लक्ष्मीबाईंची सुरू होते, त्या जागेच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन अध्याय मी यंदा पदव्युत्तर वर्गाला नावे न सांगता वाचायला देणार आहे. शब्दकळा, यतिस्थाने, संस्कृत शब्दांचे प्रमाण आणि घरगुती दृष्टांत ह्यांच्या आधारे मुलांना आवाज कोठे बदलला हे ओळखता येते का, हे पाहायचे आहे.