ताराबाई शिंदे आणि सामाजिक इतिहासाची साधने

सामाजिक इतिहास लिहिणारास कायदे, निवाडे व सरकारी दफ्तरे ही साधने सहज उपलब्ध होतात; परंतु ज्यांच्यावर त्या कायद्यांचा अंमल चालला त्यांचा स्वतःचा शब्द क्वचितच हाती लागतो. या दृष्टीने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक विशेष मोलाचे आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी या कुटुंबाचा निकटचा संबंध होता. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्यानिमित्त वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीस दूषणे दिली. त्यांस उत्तर म्हणून लिहिलेले ताराबाईंचे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले.

त्यांची विवेचनपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृत सुभाषितकारांनी स्त्रीवर लादलेले दुर्गुण त्या एकेक करून तपासतात आणि तेच पुरुषांच्या ठिकाणी किती आढळतात, हे दाखवितात. पत्नी निवर्तताच पतीस दुसरा विवाह मोकळा, मग विधवेस तो निषिद्ध का, असा त्यांचा प्रश्न आहे. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणेतर कुलीन घराण्यांतही पाळली जात होती, याकडेही त्या लक्ष वेधतात. नियम कोणी केला व त्याचा लाभ कोणास झाला, हा सामाजिक इतिहासाचा मूलभूत प्रश्न येथे स्पष्टपणे उपस्थित झाला आहे.

पुस्तकावर टीका झाली, ती सत्यशोधकांच्या गोटातूनही झाली. फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला. तथापि पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, आणि १९९४ साली रोझालिंड ओ’हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट दिसते. ताराबाई पुरुषवर्गास समोर उभे करून जाब विचारतात. माजघरातली बोली, म्हणी व टोमणे यांचा त्या युक्तिवादासाठी उपयोग करतात. हा संताप म्हणून बाजूस सारला, तर एका शिक्षित मराठा स्त्रीने आपल्या काळाविषयी दिलेली साक्षच आपण नाकारू. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासात या पुस्तकास आधारग्रंथाचे स्थान मिळाले पाहिजे.