फॉरेन कींची साखळी
रिलेशनल डेटाबेसमधील एका सारणीतील नोंदीने दुसऱ्या सारणीत प्रत्यक्ष विद्यमान असलेल्या नोंदीचाच हवाला द्यावा, अन्यथा ती दप्तरी दाखल होऊ नये, असा जो निर्बंध त्यास फॉरेन की म्हणतात. आणि जिचा हवाला दिला ती सारणीही आणखी वरच्या सारणीवर अवलंबून असेल, तर निर्बंधांची साखळी सिद्ध होते. या पद्धतीचे तात्त्विक अधिष्ठान आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधात आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात, जेथे वाहनांचे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी भोसरी-चाकणची लहान वर्कशॉपे एकमेकांवर विसंबून आहेत, तेथे या साखळीचे प्रयोजन विशेष जाणवते. पुरवठादार, त्याच्या मालाची जीआरएन (माल मिळाल्याची नोंदपावती), तीतील लॉट आणि लॉटमधून घडलेला भाग असा तिचा क्रम. ब्रेकच्या एखाद्या भागात दोष निघाला, की याच वाटेने उलट मागे जाऊन तो कोणाच्या मालातून आला याचा छडा लावावा लागतो.

रचनेतील खरी मेख येथे आहे. लॉटच्या सारणीत जीआरएनसाठी एक व पुरवठादारासाठी दुसरी अशा दोन सुट्या फॉरेन की लावल्या, तर दोन्ही हवाले खरे असूनही नोंद खोटी असू शकते: जीआरएन ४१२ पुरवठादार ७ ची असताना लॉटपुढे पुरवठादार ९ लिहिला, तरी ९ हाही यादीतला असल्यामुळे डेटाबेस हरकत घेत नाही. म्हणून जीआरएनच्या सारणीत पुरवठादार व जीआरएन क्रमांक या जोडीवर युनिक निर्बंध घालून लॉटने त्या जोडीचाच हवाला द्यावा. जोडीतील एक रकाना जरी नल (रिक्त) राहिला, तरी एसक्यूएलच्या मूळ नियमानुसार रुजवातच टळते; सबब दोन्ही रकाने नॉट नल हवेत.

सारण्या वरून खाली निर्माण कराव्यात, मोडताना खालून वर. ‘ऑन डिलीट कॅस्केड’ हा पर्याय सोयीचा भासतो, परंतु एक पुरवठादार पुसताच त्याच्या जीआरएन, लॉट आणि भागांचा इतिहास एका आज्ञेसरशी नाहीसा करणारी ही सोय कारखान्याच्या दप्तरात घातकच मानावी; व्यवहार संपलेल्या पुरवठादारापुढे ‘बंद’ असा शेरा मारणे पुरेसे आहे. वरच्या नोंदीवरून खालच्या नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून हवाला देणाऱ्या रकान्यांवर इंडेक्सही हवा. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे इंजिन तो आपण होऊन बांधते; पोस्टग्रेस बांधत नाही, तो स्वतः बांधावा लागतो.