कापूस, गापास आणि बावोउना

बुलडाणा जिल्ह्यात मेहकरहून लोणारकडे निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं. काळी जमीन, पावसाच्या भरवशावरची शेती आणि दसऱ्याच्या मागेपुढे पांढरी होऊ लागणारी रानं. हल्ली सोयाबीनने बरंच शिवार व्यापलं आहे, तरी वऱ्हाडाच्या बोलीत कापसाचा संसार अजून भरलेला आहे. झाड ती पऱ्हाटी, फळ ते बोंड, बी ती सरकी, सरकी निघाली की रुई, आणि कातायला पिंजून वळला तो पेळू. या गोतावळ्यात कर्ता शब्द एकच, कापूस. त्याचा माग काढत गेलं तर वाट दोन टोकांना पोचते. एक टोक फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर, दुसरं बेलारूसमध्ये.

संस्कृतात तो कर्पास किंवा कार्पास. ब्राह्मणाचं जानवं कार्पासाचं असावं, असं मनुस्मृती सांगते. प्राकृतात त्याचा कप्पास झाला. मराठीत येताना जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. सर्प, सप्प, साप. कर्म, कम्म, काम. तसाच कर्पास, कप्पास, कापूस. झाडाला कपाशी म्हणतात, तो शब्दही याच घरातला.

घरातला हा शब्द लवकरच परमुलखात गेला. ग्रीकांनी त्याला कार्पासोस म्हटलं, रोमनांनी कार्बासुस. हिब्रू बायबलच्या एस्तेरच्या ग्रंथात इराणच्या राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन आहे, तिथे तो कार्पास म्हणून येतो. पूर्वेकडे तो कापडाच्या गाठींबरोबर समुद्र ओलांडून गेला. मलय भाषेत कापास झाला, आणि मलय व्यापाऱ्यांच्या तोंडून पुढे सेबूला पोचला. सेबुआनो भाषेत कापसाला आजही गापास म्हणतात. पहिल्या क-चा ग झाला, बाकी अंगरखा तोच.

सेबुआनोचं कूळ ऑस्ट्रोनेशियन. मराठीशी तिचं रक्ताचं नातं कुठेच नाही. तिच्यात दोनला दुहा म्हणतात, ते ऐकून कुणी हरखून जाईल, पण हा निव्वळ योगायोग आहे. दुहा तिच्या स्वतःच्या कुळातून आला आहे. खऱ्या उसन्या शब्दांची ओळख वेगळी असते. ते वस्तूबरोबर, सत्तेबरोबर किंवा देवाबरोबर येतात. 1521 साली दर्यावर्दी मॅजेलन सेबूला उतरला तेव्हा तिथे ज्याची सत्ता होती, तो इतिहासात राजा हुमाबोन म्हणून नोंदला आहे. रानातल्या, डोंगरातल्या देवतेला तिथे दिवाता म्हणतात. पुढे 1565 पासून 1898 पर्यंत स्पॅनिश अंमल राहिला. खिडकी, चमचा, बूट यांची नावं स्पॅनिशमधून आली आणि रुळली. कापसाला स्पॅनिशमध्ये आल्गोदोन म्हणतात, पण सेबूत गापास टिकला. तीन शतकांहून अधिक काळ राज्य करणाऱ्यांच्या शब्दापुढे व्यापाऱ्यांनी आणून दिलेला शब्द टिकून राहिला, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आता बेलारूस. बेलारूसी ही स्लाव्ह भाषा, म्हणजे मराठीच्याच इंडो-युरोपीय घराण्यातली, लांबची का होईना पण भाऊबंद. तिच्यात विस्तव म्हणजे आहोन, आपला अग्नी. धूर म्हणजे दिम, संस्कृतातला धूम. मध म्हणजे म्योद, आपला मधु. एवढी जवळीक असताना कापसाचा शब्द मात्र साफ निराळा, बावोउना.

त्यालाही कारण आहे. बेलारूसच्या थंडीत कापूस पिकत नाही. तिथल्या माणसांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या लोकर होती आणि ल्योन, म्हणजे जवस. वऱ्हाडात जवसाची चटणी होते, तेल निघतं. त्याच जवसाच्या खोडातल्या तंतूंचं तिथे कापड होतं. कापूस तिथे परका माल म्हणून पश्चिमेकडून गेला आणि नाव जर्मन घेऊन गेला. जर्मनमध्ये कापूस म्हणजे बाउमवोले, झाडाची लोकर. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही हेच लिहिलं होतं, की हिंदुस्थानात झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते. ज्याने कपाशीचं रान पाहिलेलं नाही, त्याला दुसरी उपमा सुचणार तरी कुठून? पोलिश भाषेने त्या जर्मन शब्दाचा अर्धा भाग तसाच ठेवला आणि अर्धा भाषांतरून बावेउना केला. तिथून तो बेलारूसीत आला. आधीचा बा जर्मन झाडाचा, पुढचा वोउना स्वतःचा, म्हणजे लोकर.

हा वोउना फार मोलाचा. तो आणि संस्कृतातली ऊर्णा एकाच मुळातून फुटले आहेत. ऊर्णा म्हणजे लोकर. कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात तो तिच्यावरूनच. ऋग्वेदात ऊर्णा आहे, कापूस नाही. म्हणजे समाईक पूर्वजांच्या मालमत्तेत मेंढीची लोकर होती, आणि तिचा शब्द बेलारूसीने कापसाच्या नावात आजवर सांभाळला. मराठीत त्या जागी लोकर आली, ऊर्णा बोलण्यातून गेली. जिच्याशी रक्ताचं नातं, त्या बेलारूसीत आपल्या कापसाचं नाव पोचलं नाही. जिच्याशी काहीच नातं नव्हतं, त्या सेबुआनोने तो नावासकट घेतला.

मग कर्पास संस्कृतात आला कुठून? फ्रेंच भाषापंडित झां प्रझिलुस्की यांनी विसाव्या शतकात असं मत मांडलं, की तो इथल्या ऑस्ट्रो-आशियाई भाषांमधून उचललेला असावा. मुंडा भाषा त्याच कुळातल्या. पण हा माग काढायला फिलिपिन्सइतकं लांब जावं लागत नाही. मुंडा भाषांमधली कोरकू मेळघाटात बोलली जाते, आणि मेळघाटातला सातपुडा पश्चिमेला बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेला येऊन भिडतो.