दोन घरांमधली मोकळी जागा

घर घेताना आपण भिंतींच्या आतली जागा फूट-इंचांनी मोजतो. दोन घरांच्या मध्ये सुटलेल्या जागेची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक शहरातला माणूस त्या सुटलेल्या जागेच्या जिवावरच जगत असतो. उजेड तिच्यातून येतो, वारा तिच्यातून येतो आणि दुर्दैवाने आग लागलीच तर बंबही तिच्यातूनच येतो. मुंबईला हा धडा दोन आपत्तींनी दिला.

पहिली आपत्ती १८०३ च्या फेब्रुवारीतली. तटाच्या आतल्या कोटात तेव्हा घराला घर चिकटलेले होते आणि बांधकामात लाकूड मुबलक. आग लागली आणि कोटातील वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या सरकारने ही संधी साधून बरीच वस्ती मैदानापलीकडे, कोटाबाहेर हलवली. पण शहर वाढले तशी मांडवी, भुलेश्वर, काळबादेवीकडची ही बाहेरची वस्तीही दाटत गेली. दोन चाळींमध्ये उरली ती केवळ घरगल्ली, म्हणजे सांडपाण्याची अरुंद वाट. कित्येक खोल्यांची एकुलती एक खिडकी या गल्लीत उघडे. मधल्या खोल्यांना तर तीही नसे.

१८९६ च्या सप्टेंबरात याच मांडवीत मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग घरे चुन्याने धुतली गेली, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली आणि ज्या खोल्या मनुष्यवस्तीस अयोग्य ठरल्या त्यांवर तशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, असा अनेक जाणत्यांचाही समज होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. पण ते पटायला बरीच वर्षे गेली. निदान चुकले होते. खिडकीचा आग्रह मात्र वाया गेला नाही, कारण क्षयासारख्या रोगाला कोंदट खोलीच मानवते.

१८९८ मध्येच मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याचीच कामे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ काढली, तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. साध्या भाषेत सांगायचे तर समोर दहा फूट मोकळी जागा असेल, तर समोरची इमारत वीस फुटांहून उंच नको. हिशेब पोरासही कळावा असा!

परंतु या सुधारणेची किंमत गरिबांनी मोजली. रस्त्यांसाठी ज्यांच्या खोल्या पडल्या, त्या सर्वांना नव्या चाळींत जागा मिळाली नाही. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहिले. कायद्याने एका गल्लीत वारा आणला आणि दुसऱ्या गल्लीतला कोंडला.

पुढे १९७० मध्ये राष्ट्रीय बांधकाम संहिता आली, २००६ मध्ये महाराष्ट्राने आगप्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. तरीही झोपडवासीयांच्या पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या काही इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. गोवंडी-मानखुर्दकडच्या अशा वसाहतींच्या २०१८ च्या पाहणीत उजेड-वारा कमी असलेल्या घरांत क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. २०२३ च्या ऑक्टोबरात गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत खाली लागलेल्या आगीचा धूर वर चढला आणि झोपेतली माणसे दगावली. सुखवस्तू घरांतही आपण हौसेने गॅलरी बंद करतो, खिडकीला पक्की जाळी ठोकतो, वातानुकूलनासाठी फटी बुजवतो. चोर आणि धूळ बाहेर राहतात खरे. पण धूर आत आला, तर त्याला आणि माणसालाही वाट उरत नाही.

तेव्हा वाचकहो, आकाशकंदील टांगताना समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एकदा नजर टाका आणि ऑरसाहेबांचा हिशेब करून पाहा. मग जिना उतरून या. वाटेत शेजाऱ्याचे जुने कपाट किंवा आपलीच चपलांची मांडणी आडवी येत असेल, तर फराळापूर्वी ती हलवा. समोरची इमारत काही आपल्याला मागे सरकवता येणार नाही. जिना मात्र अजून आपल्या हातात आहे.