अमेरिकेचं ग्रीन कार्ड हवंय? गावात घेतलेल्या लशी पुरतील का?

समजा, तुम्ही भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीत वाढलात आणि अमेरिकेतल्या जोडीदाराने तुमच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केलाय. व्हिसा मुलाखतीआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. तिथे लसीकरणाचं कार्डही बघतात.

नियम काय आहे?
१९९६च्या कायद्यानुसार अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्यांना लसीकरणाचा पुरावा द्यावा लागतो. कोणत्या लशी लागतील ते वयावर ठरतं. पर्यटक, विद्यार्थी आणि एच-१बी व्हिसाला ही अट नाही. कोविड लशीची अट ऑक्टोबर २०२१मध्ये आली होती, २०२५मध्ये ती काढली गेली.

आपलं कार्ड कुठे कमी पडतं?
- अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस मिळते. अमेरिकेला गालगुंडाचीही लागते, म्हणजे एमएमआर.
- आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. अमेरिका पहिल्या वाढदिवसानंतरचेच डोस धरते.
- कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही.
- हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात देशभर पोहोचायला २०११ उजाडलं. त्यामुळे आज तिशीत असलेल्या अनेकांकडे तिची नोंद नसते.
- दंडावरचा बीसीजीचा व्रण इथे कामाचा नाही. क्षयरोगाची तपासणी वेगळी होते.

कार्डच हरवलं असेल तर?
‘लहानपणी सगळ्या लशी झाल्यात’ हे तोंडी सांगून चालत नाही. तारखेसह लेखी नोंद लागते. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीसाठी रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसली, तर तेही चालतं. नाहीतर लस पुन्हा घ्यायची.

सगळे डोस आधीच पूर्ण हवेत का?
नाही. दोन डोसमध्ये ठरावीक अंतर लागत असेल, तर तपासणीपर्यंत देता येण्यासारखा डोस झालेला असला तरी पुरतं. गरोदर महिलांना एमएमआर आणि कांजिण्यांची लस देत नाहीत. डॉक्टर तशी नोंद करतात, त्यामुळे व्हिसा अडत नाही. धार्मिक किंवा नैतिक कारणाने लस नको असेल, तर सवलतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

आत्ताच काय कराल?
जुनं कार्ड शोधा. कमी पडणाऱ्या लशी जवळच्या डॉक्टरांकडे घ्या आणि तारीख, सही, शिक्का मागून घ्या. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घेता येते. तसं जमलं नाही, तर दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. म्हणून मुलाखतीची तारीख येण्याची वाट बघू नका.