मखरातील कागदाचे जडावकाम

गणपतीच्या मूर्तीभोवती उभारल्या जाणाऱ्या शोभेच्या चौकटीला मखर म्हणतात. घरगुती गणपतीसाठी ते पुठ्ठ्याचे व रंगीत कागदाचे करण्याची चाल मुंबईच्या चाळींत दीर्घकाळ होती आणि तिचे तंत्र दिवाळीच्या आकाशकंदिलाशी जुळणारे होते. पुठ्ठ्यावर मोर, कमळ किंवा वेल रेखून त्यातील रंगाच्या जागा धारदार पात्याने कापून काढल्या जात आणि त्या पोकळ्यांवर मागील बाजूने पतंगी कागद, म्हणजे पतंगांसाठी वापरला जाणारा पातळ रंगीत कागद, किंवा पारदर्शक जिलेटिन कागद खळीने चिकटवला जाई. ही खळ मैदा शिजवून करीत व कीड लागू नये म्हणून तीत थोडे मोरचूद घालीत. मागे दिवा लागला की रंग उजळत आणि पुठ्ठ्याच्या उरलेल्या पट्ट्या रेषांचे काम करीत. या पट्ट्या एकमेकींना सर्वत्र जोडलेल्या राहिल्या नाहीत तर चित्राचा तुकडा गळून पडतो, म्हणून कारागिराची खरी परीक्षा रेखाटतानाच होई. मथुरेच्या सांझी या रांगोळीच्या कलेतही कागद असाच कापतात, परंतु तेथे तो केवळ साचा असतो आणि रंगाची भुकटी खाली उतरली की उचलला जातो. मखरात तो स्वतःच चित्र होऊन राहतो, अर्थात विसर्जनापर्यंतच, आणि म्हणूनच जुने नमुने क्वचितच हाती लागतात.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली, 1973 मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला आणि 1992 मध्ये वाशीपर्यंत लोकल आली. या काळात मुंबईतून नवी मुंबईत राहायला आलेल्या मराठी कुटुंबांनी मखराची चालही आपल्याबरोबर आणली. तोवर थर्माकोलने पुठ्ठ्याला मागे सारले होते, कारण तापलेल्या तारेने कापले जाणारे ते हलके, पांढरेशुभ्र द्रव्य कमी श्रमात खांब व कमानी देत असे.

राज्य शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गणेशोत्सवाच्या सजावटीसाठी सवलत नाकारली, तेव्हा पुठ्ठ्याची घडीची मखरे बाजारात पुन्हा दिसू लागली. मात्र त्यांतील बहुतेकांवर रंग छापलेला असतो व कापणी यंत्राने होते. साहित्य परत आले, जडावकाम आलेले नाही.